करवतीचा पट्टा

मोटर सुरू करण्याआधी तिच्यावर तळहात टेकवायची सुताराची सवय होती. आज सकाळीही ती गरम लागली आणि त्याचं टाळकं सटकलं.

"माझ्या माघारी करवत कोण चालवतं रे?" तो धाकट्या भावावर खेकसला.

"दादा, किल्ली तर तुझ्याच कमरेला असते!"

"उलट उत्तर देतोस?" संध्याकाळी त्याने रागारागाने मोटरीवरून करवतीचा पट्टा उतरवला आणि घरी नेऊन खुंटीला टांगला. "आता दातांनी काप लाकूड!"

सकाळी बायको धुसफुसत उठली. "रात्रभर कसली ती घरघर? डोळ्याला डोळा नाही."

"तू आणखी डोकं खाऊ नकोस!" म्हणत त्याने पट्टा ओढला. हाताला चटका बसला.

खुंटीखालून निघालेली ताज्या भुशाची रेघ थेट त्याच्या उशीपर्यंत गेली होती.