भूतमास्तरांची शेवटची खोली

"दिवे घालवा," भूतमास्तरांनी आत ओरडून सांगितलं आणि बायकोला पुढे केलं.

करमणुकीच्या बागेतले सगळे त्यांना भूतमास्तरच म्हणत. पाळणे आणि घसरगुंड्या इतरांच्या, भूतबंगला त्यांचा. आधीचे दोन बंगले सपशेल पडले होते. लोक किंचाळायचं सोडून खिदळत बाहेर यायचे. हा पडला तर घरी बसा, असं मालकांनी बजावलं होतं. उद्या बंगला उघडायचा होता आणि आज बायको घाबरली की मास्तर जिंकले. पाल दिसली तरी ती घर डोक्यावर घ्यायची. याहून चांगली कसोटी कुठे मिळणार?

ती बहिणीकडे निघाली होती. जाताजाता एक चक्कर मार, अशी त्यांनी गळ घातली होती. दोन बॅगा तिकिटाच्या खिडकीपाशी ठेवून ती आत आली.

पहिल्या खोलीत छतातून एक हात लोंबला. ती वाकून पुढे गेली. दुसऱ्या खोलीत कपाटाचं दार करकरत आपोआप उघडलं.

"किल्ली शेजारच्या काकूंकडे दिलीय," ती म्हणाली. "पंपाचं बटण डावीकडचं. उजवं दाबू नका."

"अगं, कपाटाकडे बघ ना."

"बघितलं. छान आहे."

मास्तर डगमगले नाहीत. हुकमाचा एक्का अजून हातात होता.

"दात, रक्त, सांगाडे, सगळा पोरखेळ," ते म्हणाले. "बाहेर भली मोठी पाटी, आत भूत आहे म्हणून. सांगून येणाऱ्या भुताला कोण घाबरतं? आधीचे बंगले त्यानेच पडले. माणूस घाबरतो आपल्या रोजच्या घरात. सगळं नेहमीचं, एकच गोष्ट किंचित वेगळी. ती आधी लक्षातच येत नाही. येते तेव्हा उशीर झालेला असतो."

त्यांनी शेवटचं दार ढकललं. आत साधं स्वयंपाकघर होतं, त्यांच्याच घरातल्यासारखं हुबेहूब. फक्त एक खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली होती.

तिने तिथल्या पडद्याचं टोक हातात धरून बघितलं.

"हा पडदा आता आपल्याकडे नाही," ती म्हणाली. "बदलून दोन वर्षं झाली."

"पडदा कोण बघतंय? खुर्ची बघ. वाटली भीती?"

"मला नाही वाटली. एकटीने बसायची सवय आहे मला." मग ती जरा हसली. "पण लोक घाबरतील. बंगला चालणार तुमचा."

मास्तरांची छाती फुगली. त्यांच्या कामाला तिने उगाच कधी बरं म्हटलेलं नव्हतं. खुर्ची अजून थोडी तिरकी केली तर बहार येईल, या विचारात ते तिच्या मागोमाग बाहेर उन्हात आले. तिने खिडकीपाशी जाऊन दोन्ही बॅगा उचलल्या आणि वळून त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं.

"जाते," ती म्हणाली.

"ये," मास्तर सवयीने म्हणाले, खुर्ची तिरकी करायला आत वळले, आणि मग ती काय म्हणाली ते त्यांना ऐकू आलं.