डावं दार

"हे डावं दार मात्र अस्सल मूळचं," म्हणत अनुश्रीनं त्यावर हिरवी पट्टी चिकटवली. उजव्या दारावर तिनं आधीच लाल लावली होती. लाल म्हणजे मागाहून बनवलेलं. ते काढून टाकायचं आणि मगच गाडी परदेशी विकायची.

सत्तर वर्षांपूर्वी चोवीस तास सलग धावून शर्यत जिंकलेली ती गाडी सी-स्कीम या वस्तीतल्या एका गॅरेजमध्ये उभी होती. तपासायला अनुश्री मुंबईहून आली होती. गाडीचे म्हातारे मेकॅनिक पंढरीनाथ शेजारी उभे होते.

"मॅडम, हे दार माझ्या मुलानं पत्रा ठोकून बनवलंय. श्रेयसनं. इथंच बसून, लाकडी हातोडीनं."

"काका, ते उजवं असेल."

"उजवं माझं."

अनुश्री हसली. तिचा विश्वास बसेना. बाप से बेटा सवाई म्हणतात, पण इतका?

दाराच्या आतल्या अस्तराखाली श्रेयसनं खिळ्यानं नाव कोरलं होतं. पंढरीनाथांनी स्क्रूड्रायव्हर काढला. नाव दिसलं की दार निघणार आणि निघालेलं दार त्यांना घरी न्यायला मिळणार होतं. मालकांनी तसा शब्द दिला होता. जगतपुऱ्यातल्या घरी त्यांच्या बायकोनं, रत्नप्रभाबाईंनी, सकाळीच कपाट सरकवून भिंत मोकळी केली होती. श्रेयसला जाऊन चौदा महिने झाले होते. त्याच्या हातचं घरात दुसरं काहीच नव्हतं.

दोन स्क्रू निघाले. अनुश्री पत्र्यावरून तळवा फिरवत स्वतःशीच म्हणाली, "असा हात आता कुणाचा राहिला नाही."

पंढरीनाथ थांबले. काढलेले स्क्रू त्यांनी परत घट्ट बसवले.

ती मालकांना भेटायला आत गेली, तेवढ्यात पंढरीनाथांना घरून फोन आला.

"मिळालं का हो दार? ऑटोवाल्या भैयाला सांगून ठेवलंय मी."

"नाही. मॅडम म्हणतात, मूळचंच आहे. कंपनीचं."

"मग नाव नाही दाखवलंत?"

"दाखवलं असतं तर गाडीवरून काढून टाकलं असतं त्यांनी. असा हात आता कुणाचा राहिला नाही, म्हणाल्या त्या. माझ्यानं नाही झालं, रत्ना."

रत्ना म्हणाली, "एकदा लावा ते दार. मला ऐकू द्या."

त्यांनी फोन दाराजवळ धरला आणि एका बोटानं दार ढकललं. ते अलगद जागेवर बसलं.

"काहीच ऐकू आलं नाही."

"आवाज येतच नाही गं त्याचा. तसंच बसवलंय त्यानं."

"परत लावा," ती म्हणाली.