हललेले फोटो

बायकोचा एकही फोटो धड येईना, तेव्हा घड्याळजींनी मनाशी धरलं की आपल्या हातांना कंप सुटलाय, आता घड्याळदुरुस्तीचं दुकान आवरायला हवं. घरात मात्र अवाक्षर काढलं नाही. नवा कॅमेरा घेऊया, एवढंच म्हणाले.

"हात थरथरत असतील तर हा कंप सावरणारा, स्टॅबिलायझेशनवाला घ्या, काका," कॅमेरेवाला म्हणाला. "नाहीतर हा साधा पुरे."

बायको शेजारीच उभी होती. घड्याळजी तिच्याकडे न बघता म्हणाले, "थरथरतात."

"बघू, काकूंचा एक काढा."

पहिला फोटो, स्टॅबिलायझेशन चालू: बायको हललेली. घड्याळजींचा चेहरा उतरला. यंत्रालाही आवरत नाही म्हणजे झालंच की.

दुसरा फोटो, स्टॅबिलायझेशन बंद: बायको तशीच हललेली.

कॅमेरेवाल्याने हा दुसरा फोटो मोठा करून त्यांच्यापुढे धरला. बायकोच्या मागे फळीवर खोकी होती, आणि त्यांच्यावरचं मुंगीएवढं अक्षर न अक्षर वाचता येत होतं. "हात दगडासारखा स्थिर आहे तुमचा. हलतात त्या काकू."

"अहो, दुकान आवरायला निघाला होतात की काय?" बायकोने नवऱ्याचा चेहरा बरोबर वाचला. मग कानापर्यंत लाल होत म्हणाली, "मी तरी काय करू? तुम्ही एक डोळा मिटून माझ्याकडे टक लावलीत, की मला अजून हसू आवरत नाही."

तिसरा फोटो, घड्याळजींनी हसत हसत काढलेला: बायको, फळी, खोकी, सगळंच हललेलं.