हजेरीपटावरचे एकच नाव

सहा वर्षे पूर्ण झालेले मूल पाळणाघरात ठेवायचे नाही, हा मावशींचा स्वतःचाच नियम होता, आणि तो त्यांनी अडीच वर्षे मोडला होता. आज संध्याकाळी ती चूक दुरुस्त करायची, असे सकाळी ठरवल्यापासून त्यांचे चित्त थाऱ्यावर नव्हते. बसल्या की उठावेसे वाटे, आणि उठल्या की कशासाठी उठलो ते आठवत नसे.

एकतीस वर्षे त्यांनी घरच्या पुढच्या खोलीत पाळणाघर चालवले. मुलगा नोकरीसाठी दूरच्या शहरात गेला, तरी ते बंद पडले नाही. चारला दूध, साडेचारला फळ, पाचला खेळ. गल्लीने त्यांना ‘घड्याळमावशी’ असे नाव ठेवले होते, आणि ते त्यांना मनातून आवडे. एके काळी दाराशी चौदा जोड चपला असत. गेल्या दोन-तीन वर्षांत मुले एकेक करून गेली. कोपऱ्यावर रंगीत घसरगुंडीचे नवे पाळणाघर निघाले होते. लोकांना दिखावा हवा असतो, असे म्हणून मावशींनी कोणाला कारण विचारले नाही. हजेरीपटावर आता एकच नाव उरले होते.

ती मुलगी साडेआठ वर्षांची होती. वडील परगावी नोकरीला, आई रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत. तिला परतायला सात वाजत. पोरीला बघायला घरी कोणी नाही, हे कारण मावशींनी इतके दिवस पुढे केले होते. पण काल खालून मैत्रिणींनी खेळायला हाका मारल्या, तेव्हा मुलीने मान हलवली आणि खिडकी लावून घेतली. “मी इथेच बसते, आजी,” ती म्हणाली होती. पट कोरा पडू नये म्हणून आपण एका लेकराचे खेळायचे दिवस कोंडून ठेवले आहेत, हे मावशींना लख्ख दिसले. हे नाव गेले की आपण कोणाच्याच मावशी उरणार नाही, हेही दिसले. तरी त्यांनी निश्चय केला.

चार वाजता मुलगी आली. दप्तर टाकून रोजच्यासारखी आधी स्वयंपाकघरात गेली, तिथे गॅसपाशी थोडा वेळ रेंगाळली आणि पाण्याचा पेला घेऊन बाहेर आली. आज जेवायला काय केले होते, ते तिने विचारले. हा तिचा नेहमीचा प्रश्न. भारी चौकस पोर, मावशींना वाटले. गणिताच्या चाचणीत किती मिळाले, असे त्यांनी विचारल्यावर तिने वीसपैकी एकोणीस सांगितले. मग दूध झाले, फळ झाले. चाचणीत किती मिळाले, असे मावशींनी विचारले. वीसपैकी एकोणीस, मुलगी म्हणाली. कंटाळा नाही, की तोंड वाकडे करणे नाही. अशी गुणी पोर आपल्यापाशी अडकून पडावी, याचे त्यांना जास्तच वाईट वाटले.

पाच ते सात हे दोन तास सरता सरेनात. मावशी गॅलरीत गेल्या, आत आल्या, पुन्हा गेल्या. मुलगीही वही घेऊन प्रत्येक वेळी त्यांच्या मागोमाग जागा बदलत राहिली.

सातला आई आली. मावशींनी तिला बसवले आणि सकाळपासून घोकलेली वाक्ये क्रमाने सांगितली: नियम, वय, खेळ, मैत्रिणी. उद्यापासून पोरीला पाठवायचे नाही. आई ऐकता ऐकता पर्सची चेन उघडत होती, लावत होती.

“मावशी, वार्षिक परीक्षा होईपर्यंत तरी राहू द्या ना तिला.”

“नाही गं. तुझी अडचण मला कळते. पण शेजारी किल्ली ठेवली, तर दोन-तीन तास एकटी राहू शकेल ती. चांगली समजूतदार आहे.”

“तिची काळजी नाही हो मला,” आई पटकन म्हणाली आणि थांबली. “म्हणजे, मला एकदा विचारावं लागेल.”

“विचार की. नवऱ्याला सांग, म्हातारीनं हाकलून दिलं म्हणून.”

आई हसली नाही. ती फोन घेऊन जिन्यात गेली आणि दार ओढून घेऊन हलक्या आवाजात बोलू लागली. बराच वेळ बोलत होती. नवरा चिडला असणार, मावशींनी ताडले. संसारात असे व्हायचेच. पण आता मागे फिरायचे नव्हते. त्यांनी हजेरीपट उघडला, आजची तारीख घातली आणि नावापुढे सुवाच्य अक्षरात ‘प्रवेश समाप्त’ असे लिहिले. ओळ सरळ आली.

मुलगी दाराशी उभी होती. एका पायात चप्पल, दुसरी हातात. तिचे डोळे भरून आले होते.

मावशी कष्टाने खाली वाकल्या आणि त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला. “रडायचं नाही, बाळ. तू आता मोठी झालीस. तुला सांभाळायला कोणी लागत नाही.”

“मला माहितीये, आजी,” मुलगी हुंदका आवरत म्हणाली. “पण तुमचा मुलगा म्हणाला होता, तो येऊन तुम्हाला घेऊन जाईपर्यंत मी तुम्हाला सांभाळायचं.”