नॉर्बर्टची कमांड

"कोणी विश्वास ठेवणार नाही," डेल्मरने कॉफीचा कप काउंटरवर टेकवला, "पण ही बायको मला मिळाली ती एक कॉम्प्युटर जळफळला म्हणून."

बर्फावर दगड सरकवायचा कर्लिंगचा सामना संपला होता, आणि खेळणारे क्लबच्या काउंटरशी कॉफीला जमले होते. काउंटरपलीकडे मायर्ना रुबार्बचा केक कापत होती. नवऱ्याची ही गोष्ट तिला पाठ होती. तिने मान वर केली नाही.

"सुरू झालं म्हातारं," लॉर्न म्हणाला.

"धान्याच्या कोठारावर आम्ही तिघं कामाला. ही वजनकाट्यावर, मी आणि नॉर्बर्ट शेजारशेजारच्या खोल्यांत. मी दिवसभर पावत्या बडवायचो. नॉर्बर्ट महाआळशी. एखादं काम कॉम्प्युटरला एकदा करून दाखवायचा आणि त्याला एक बटण नेमून द्यायचा. झाली कमांड तयार. मग बटण दाबलं की यंत्र तेच जसंच्या तसं करणार, आणि हा काट्यावर जाऊन हिच्याशी गुलुगुलु करणार."

"आणि तू जळणार."

"मी कशाला? जळायचं ते यंत्र. राबायचं त्याने आणि हसायचं या दोघांनी. कोणाला सोसेल?"

"तुला तरी नसतं सोसलं," लॉर्न म्हणाला. बाकीचे हसले.

"ऐक तर. शनिवारी माजी सैनिकांच्या लीजन हॉलमध्ये नाच होता. तिथे नॉर्बर्ट हिला मागणी घालणार, हे गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक. आणि शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीनंतर हिच्या स्क्रीनवर त्याचा निरोप आला. जिव्हारी लागेल असा. ही तरातरा त्याच्या खोलीत शिरली, दार लावून घेतलं. तो म्हणाला, मी नाही लिहिलं, मी तर आत्ता जेवून येतोय. बघ, इथे पावत्यांशिवाय काही नाही. आणि त्याने बटण दाबलं. तर यंत्राने त्याच्यादेखत तोच निरोप पुन्हा लिहिला. दुसऱ्या कशाला बोट न लावता! बाहेर येऊन हिनेच मला रडत रडत सांगितलं."

"मग?"

"मग काय. यानेच शिकवल्याशिवाय यंत्र लिहील कसं, असं हिला वाटलं. नॉर्बर्ट कोणाशी एक शब्द न बोलता दूर आल्बर्टा प्रांतात निघून गेला. नाचाला हिला मी नेलं. पण खरं सांगतो, बिचाऱ्याने शिकवलं नव्हतं. यंत्राने आपल्या मनाने लिहिलं, जळून."

"थापा," लॉर्न म्हणाला. "आणि लिहिलं तरी काय? दर वेळी तू नेमकं तेवढंच गाळतोस. तुला ठाऊकच नसणार."

डेल्मरला ते लागलं.

"मला ठाऊक नाही? 'शनिवारी येऊ नकोस. तू फार मोठ्याने हसतेस. चारचौघांत मला तुझी लाज वाटते.' घे. शब्दन्‌शब्द."

केक कापणारी सुरी थांबली.

"डेल्मर," मायर्ना म्हणाली, "ते शब्द मी आजवर कोणालाच सांगितलेले नाहीत."