नवशिक्यांचा वर्ग

ठोंब्या फळ्यासमोर उभा राहून इटालियनमधून स्वतःची ओळख करून देत होता आणि एकेका शब्दाचा गळा घोटत होता. खिडकीजवळच्या बाकावर महाराणीने डोळे मिटून घेतले.

महाराणी हे नाव वर्गानेच ठेवलेलं. चिडवायला ठेवलं होतं, पण तिला ते आवडायचं. अकरावीत येऊन नवी भाषा मुळाक्षरांपासून शिकायची, तर निदान जीभ तरी वळवावी! हे लोक नुसत्या माना डोलवायचे. बाई काहीही बोलल्या, की दात काढायचे आणि 'ग्रात्सिए' म्हणायचे, म्हणजे धन्यवाद. तेवढा एकच शब्द सगळ्यांना पाठ होता. ऐकून ऐकून तिचे कान किटले होते.

डोईजड झाली होती ती फक्त चिमणी. आवाज एवढासा, पण गेल्या दोन्ही चाचण्यांत महाराणीच्या पुढे. महाराणी प्रत्येक पेपरात एखादी चूक ठेवायचीच. चिमणी तेवढीही ठेवत नव्हती.

बारावीला या विषयात जो कोणी पहिला येईल, त्याला विद्यापीठात फुकट शिकायला मिळणार होतं. महाराणीच्या आईने त्या एका आशेवर परक्यांचे पडदे शिवून डोळे फोडून घेतले होते. पालकसभेला ती कधी फिरकली नाही.

"मी कशाला तिथे तोंड उघडू?" ती म्हणायची. "तू पहिली ये, म्हणजे झालं."

त्या चिमणीपायी हे सगळं पाण्यात जाणार होतं. महाराणी तडक मुख्याध्यापिकांकडे गेली.

"चिमणीच्या घरी इटालियनच बोलत असणार, बाई. अशा मुलांना नवशिक्यांच्या वर्गात बंदी आहे ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? तिची चूकच होत नाही. नवशिकं माणूस असं असतं का?"

मुख्याध्यापिकांनी चष्मा काढला. "मंडळाला कळवते. पण चौकशी झाली तर सगळ्या वर्गाची होईल."

"होऊ दे की! बाकीच्यांना तर स्वतःची भाषासुद्धा धड येत नाही."

आठवड्याभरात परीक्षा मंडळाचे तपासनीस आले. ढेरपोटे, घामाघूम, सदऱ्याचं एक बटण गायब. हे ध्यान कुणाला पकडणार? महाराणीला हसूच आलं. चिमणी मात्र पदराआड लपायला आई शोधावी तशी बाईंकडे बघत होती. बघ म्हणावं आता.

तपासनीसांनी ना पेपर वाटला, ना प्रश्न विचारला. ते वर्गासमोर उभे राहिले, दोन्ही हात पोटावर ठेवले आणि नातवंडांचं कौतुक करावं अशा गोड आवाजात, तोंडभर हसत, इटालियनमधून भरभर काहीतरी बोलले.

ठोंब्याने दात काढले. मागच्या बाकांवर माना डोलल्या. चिमणीने गोंधळून इकडेतिकडे पाहिलं आणि तीही सगळ्यांसारखी हसली.

"ग्रात्सिए!" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

तेवढ्यात खिडकीजवळचा बाक धाडकन मागे सरकला. महाराणी उभी होती, रागाने लालबुंद, आणि त्याच भाषेत, तितक्याच भरभर, ओरडत होती, "माझ्या आईला चोर म्हणता? तोंड सांभाळून बोला!"