कॉलरचा रेट

कंपनीचा घड्याळवाला साहेब शिलाईच्या हॉलमध्ये शिरताच मावशींनी चष्मा काढून मशीनवर ठेवला. ही खूण. सगळ्या रांगांमधल्या बायका एका क्षणात म्हाताऱ्या झाल्या. कुणाचा दोरा तुटू लागला, कुणाला सुईचं भोक दिसेना, पहिल्या रांगेतल्या बटणवालीला तर खोकल्याची उबळच आली.

ही लबाडी असेल तर पोटासाठीची होती. घड्याळवाला पाठीमागे उभा राहून बघणार, एक कॉलर किती वेळात निघते. लवकर निघाली की कंपनी म्हणणार, काम सोपं आहे, आणि कॉलरमागचे पैसे कमी करणार. म्हणून तो आला की हात आवरायचे. हे सगळ्यांना मावशींनीच शिकवलं होतं, आणि आजवर कॉलरचा रेट खाली आला नव्हता तो त्यामुळेच.

"राज्यात मजुरी वाढलीय," घड्याळवाला सुपरवायझरला म्हणाला, बायकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "पेपरात रोज येतंय. मग ऑर्डरी बाहेर जातील नाहीतर काय!"

"वाढलेली मजुरी कुठल्या गल्लीनं गेली गं?" बटणवाली पुटपुटली. "आमच्याकडे वळलीच नाही मेली."

मशीनच्या आवाजाखाली रांगारांगांतून हसू फिरलं. मावशींच्या शेजारी त्यांची सून बसायची, तीही हसली. सगळ्या हॉलमध्ये तिच्याइतका चपळ हात नव्हता. मुलगा कामाला होता तो कारखाना बंद पडून तो घरी बसला, तेव्हापासून घर या दोघींवर चालत होतं, आणि खरं सांगायचं तर सुनेवरच जास्त. आज मात्र ती कालच कामाला लागल्यासारखी कॉलरचं टोक जपून जपून वळवत होती. मावशींना तिचा अभिमान वाटला.

घड्याळवाला पहिली रांग संपवून वळला. त्याच्या मागून सुपरवायझर काही मशीनना पिवळी चिकटपट्टी लावत येत होता.

तेवढ्यात मशीनचा मिस्त्री तेलाची बाटली घेऊन मावशींपाशी वाकला. "मावशी, हा रेट ठरवायला नाही आलाय," तो दबक्या आवाजात म्हणाला. "निम्मा हॉल बंद होतोय. पट्टी लागलेलं मशीन ट्रकमध्ये चढणार, स्वस्त मजुरीच्या राज्यात जाणार. त्यावर बसणारी घरी. हळू हाताच्या बायका शोधतायत."

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? मशीनं टेबलावरून सोडवायचं काम मलाच दिलंय."

मावशींनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. बटणवालीच्या मशीनवर पट्टी लागली होती, आणि ती बया खुशीत होती. साहेबाला छान बनवलं म्हणून.

हळू चालवायची खूण होती. जोरात चालवायची खूण ठरवायची वेळ कधी आलीच नव्हती. मावशींनी चष्मा पुन्हा चढवला. म्हातारीला दिसत नसेल, एवढंच बायकांना वाटलं. मग त्यांनी पॅडलवर पाय दाबला. मशीन खडखडलं. एक कॉलर निघाली, लगेच दुसरी निघाली. आजूबाजूच्या माना वळल्या.

"मावशी?" मागून कुणीतरी म्हणालं. "तुम्हीच फितूर झालात?"

"पळवा गं!" मावशी ओरडल्या. "माझं ऐका, मशीनं पळवा!"

मागची दोन मशीनं हळूहळू चालत होती, तीही थांबली.

घड्याळवाला आता त्यांच्याच रांगेत शिरला होता. मावशी सुनेकडे झुकल्या. "पोरी, जोरात चालव. माणसं काढतायत. जी हळू, ती घरी."

सुनेनं कॉलरवरची नजर उचलली नाही. "दर वेळी हीच भीती घालतात, आई. विश्वास ठेवू नका, असं तुम्हीच सांगत आलात ना?"

"या वेळी खरं आहे गं. तुझ्या पाया पडते."

मग मात्र तिनं पाहिलं. सासूच्या हाताखालून धावणारं कापड पाहिलं, बाजूला साठलेल्या कॉलरी पाहिल्या, आणि तिचे डोळे भरून आले.

"काय देऊ केलंय तुम्हाला त्यांनी?"

घड्याळवाला मावशींच्या पाठीमागे येऊन उभा राहिला होता.

"वा, मावशी! या वयात हा हात!" तो म्हणाला. सुपरवायझर पट्टी न लावताच पुढे सरकला. दोघं सुनेच्या मागे जाऊन थांबले.

"ही सगळ्यात फास्ट आहे, साहेब," सुपरवायझर म्हणाला.

"बघू या की."

सून ताठ बसली. सगळ्या बाया आपल्याकडेच बघतायत, हे तिला ठाऊक होतं. मावशींनी मशीन थांबवलं आणि हात जोडले. सुनेसमोर, साहेबांच्या देखत.

सुनेनं तयार झालेली कॉलर उचलली. टाक्याला टाका सरळ होता, खोट काढायला जागा नव्हती. तिनं ती उजेडात धरली, नापसंतीनं मान हलवली, आणि छोटी कात्री घेऊन ती एकेक टाका उसवायला लागली.

सुपरवायझरनं पट्टी दातांनी तोडली.

"शाब्बास गं पोरी!" मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं.